थॅडियस स्टीव्हन्सवर बोलताना 1821 चा खटला सांगू का?

खानापूरकर्णी:
शनिवारी आमच्या गावच्या वाचनालयात नववी-दहावीच्या पोरांसमोर स्टीव्हन्सवर बोलायचंय. पाय जन्मतः अधू, आईने कष्टाने शिकवला, गेटिसबर्गला वकिली केली, पुढे अमेरिकेच्या संसदेत गुलामगिरीविरुद्ध झुंजला. इथवर सोपं आहे. अडलेय 1821 पाशी. गुलामाला सहा महिने पेनसिल्व्हेनिया राज्यात ठेवलं की तो मुक्त, असा तिथला कायदा. चॅरिटी बटलर ही गुलाम बाई तिथे थोडे थोडे दिवस राहून गेलेली. ते दिवस एकत्र मोजता येणार नाहीत, असा निकाल लागला आणि ती गुलामच राहिली. मालकाच्या बाजूने उभा होता स्टीव्हन्स.

गेल्या वर्षी एका विधवेचं अपील मुदतीबाहेर आहे, एवढाच मुद्दा मी कोर्टात मांडला. अपील फेटाळलं. बाहेर जिन्यावर ती बसलेली, प्लास्टिकच्या पिशवीत शेताचा उतारा, घड्या घालून कडा पार मऊ झालेल्या. मलाच विचारलं, "बाई, आता पुढची तारीख कधी?" तेव्हापासून हा खटला माझ्या डोक्यातून जात नाही. पोरांना सांगू का?

निपाणीचा मास्तर:
सांगा की ताई, पण आधी शाळेचं सांगा. 1834 साली पेनसिल्व्हेनियात फुकट शिक्षणाचा कायदा झाला. कर भरायचा म्हणून लोक खवळले, वरच्या सभागृहाने तो रद्दही करायला घेतला. 1835 च्या एप्रिलात स्टीव्हन्स खालच्या सभागृहात बोलला आणि कायदा वाचला. तंबाखूच्या वखारीतनं आयांबरोबर बसून वर्गात आलेली पोरं मी शिकवलीत. त्यांना हे लगेच कळतं.

बेळगावचे वकीलकाका:
पोरी, पक्षकाराची बाजू मांडलीस, त्यात सनदेला बट्टा नाही. पण टोचतंय ते टोचू दे. स्टीव्हन्सने पुढे पळून आलेल्या गुलामांचे खटले लढवले. पेनसिल्व्हेनियाच्या 1838 च्या राज्यघटनेत मत फक्त गोऱ्यांना ठेवलं, तर त्याने सहीच केली नाही. 1868 ला गेला, तेव्हा लँकेस्टरमध्ये सगळ्या वर्णांना जागा देणाऱ्या छोट्या दफनभूमीत त्याला पुरलं. ती त्याने स्वतः निवडलेली.

खानापूरकर्णी:
काका, दफनभूमीचं ठाऊक नव्हतं. मास्तर, शाळेपासूनच सुरू करते. मग चॅरिटी बटलर, तिचं नाव फळ्यावर लिहून. जिन्यावरच्या त्या बाईंचा पत्ता फाइलमध्ये आहे. त्यांच्या वकिलांना आधी विचारून मग सोमवारी जाऊन येईन म्हणते.