लेगस्पिनरच्या मनगटाला मार्कर लावून हाती काय लागतं?

फिरकीवाला:
माझ्याकडे लेगस्पिन शिकायला १४ वर्षांचा एक मुलगा येतो. मे महिन्यात वडिलांनी त्याची मोशन कॅप्चर चाचणी करून आणली. अंगभर चमकणारे मार्कर, भोवती कॅमेरे आणि शेवटी रंगीत आलेखांचा अहवाल: चेंडू सोडताना मनगटाची हालचाल अपुरी. पोराने ते फार मनावर घेतलं. मनगट जास्त वाकवायच्या नादात पकड बदलली आणि दोन महिन्यांत त्याची गुगली गेली. आधी हवेत भिरभिरणारा चेंडू आता नुसता येऊन पडतो. वाढत्या वयाच्या पोरांची मनगटं मोजणं बंद करा, असं माझं स्पष्ट मत आहे. मनगट नेटमध्ये, हजारो चेंडू टाकून तयार होतं.

कोनमापक:
साफ असहमत. सगळं डोळ्यांवर सोपवलं असतं तर श्रीलंकेचा फिरकीपटू मुरलीधरनचं काय झालं असतं? १९९५ च्या मेलबर्न कसोटीत पंच डॅरेल हेअर यांनी फेकीसाठी, म्हणजे कोपर सरळ करत चेंडू फेकतो म्हणून, त्याला ७ वेळा नो-बॉल दिला. त्याचा हात जन्मापासूनच कोपरात पूर्ण सरळ होत नाही, त्यात मनगट विलक्षण लवचिक. बघणाऱ्याला फेकच वाटायची. पर्थच्या विद्यापीठात मोजमाप झालं म्हणून त्याची बाजू मांडता आली. पुढे सगळ्या गोलंदाजांना १५ अंशांची मुभा मिळाली, तीही मोजल्यामुळेच.

फिरकीवाला:
अहो, ते १५ अंश कोपराचे! हात खांद्याच्या पातळीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर किती सरळ होतं, एवढंच नियम बघतो. मनगट कितीही फिरवा, आडकाठी नाही. मग या पोराचं मनगट 'अपुरं' ठरवलं ते कशाच्या तुलनेत?

फिजिओताई:
मार्कर नेमके कुठे लावले होते? मनगट मोजणं फार अवघड. आत ८ छोटी हाडं, वर सरकणारी कातडी. शिवाय तळवा पालथा-उताणा होतो तो मनगटामुळे नाहीच. कोपर ते मनगट जी दोन हाडं आहेत ती एकमेकांवर फिरतात. गुगलीत या फिरण्याला फार महत्त्व. हात फिरताना मनगटाजवळची कातडी बरीचशी हाडासोबत जाते, कोपराजवळची मागे राहते. मार्करचा पट्टा वर कोपराकडे बांधला, तर हे फिरणं कमी नोंदलं जातं आणि राहिलेली चूक मनगटाच्या आकड्यांत मिसळते. म्हणून मनगटाच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या उंचवट्यांवर मार्कर हवेतच, हाताच्या पाठीवर निदान तीन.

फिरकीवाला:
वडिलांनी काढलेला फोटो आत्ताच पाहिला. पट्टा कोपराखाली चार बोटांवर, मनगटावर एकच मार्कर. म्हणजे पट्टा चुकीच्या जागी बांधला आणि त्यापायी पोराने चांगली पकड सोडली. माझं मत उलट पक्कं झालं. उद्यापासून जुनी पकड.

कोनमापक:
जुनी पकड जरूर आणा. पण पट्टा चुकला म्हणून मोजणंच सोडायचं? साध्या व्हिडिओत सेकंदाला ५० चित्रं धरली तर दोन चित्रांमध्ये २० मिलिसेकंद जातात, मनगटाचा झटका तेवढ्यात निसटतो. कित्येक मोबाइल सेकंदाला २४० चित्रं टिपतात. उद्या पहिल्याच चेंडूपासून मागून आणि बाजूने टिपून ठेवा, महिन्याने पुन्हा टिपा. त्याच पोराचं आधीचं मनगट आणि नंतरचं, एवढी तुलना करायला कुणाच्या सरासरीची गरज लागत नाही.