प्रति: सूड कुराणातला की टोळीचा?

बलोच टोळ्यांमधल्या पिढ्यानपिढ्या चालणाऱ्या वैराचं मूळ थेट कुराणात आहे, असं या चर्चेत वर म्हटलंय. मला ते पटत नाही. कुराणात किसास (खुनाचा तोडीस तोड बदला) आहे हे खरं, पण दुसऱ्या सूऱ्याची (अध्यायाची) १७८वी आयत वाचली तर तिथंच माफी आणि रक्तमूल्याची वाट दिलेली आहे. आणि सतराव्या सूऱ्यात (३३वी आयत) सूड घेणाऱ्याने मर्यादा ओलांडू नये, अशी तंबी. टोळीच्या 'बेर'ला, म्हणजे सूडाला मात्र ही मर्यादा ठाऊक नसते. खुनी सापडला नाही तर त्याचा चुलतभाऊही चालतो.

रिंद टोळीचा सरदार चाकर आणि लाशारी टोळीचा सरदार ग्वहराम यांची गोष्ट बघा. चाकरच्या आश्रयाला आलेल्या गोहर नावाच्या बाईच्या उंटिणींची पिल्लं लाशारींनी मारली आणि लोकगाथांच्या हिशेबाने युद्ध तीस वर्षं चाललं! यात धर्माचा संबंध कुठे? आश्रिताची अब्रू ती आपली अब्रू, एवढाच नियम.

चर्चेत न आलेली गोष्ट म्हणजे 'मेढ'. भांडण मिटवायला दोषी पक्षाची माणसं, कधी कधी घरातल्या बायकाही, कुराण घेऊन समोरच्याच्या दारात जातात. अशा मेढीला रिकाम्या हाताने परत पाठवणं नामुष्कीचं मानतात. म्हणजे ग्रंथ इथे वैर थांबवायला येतो, आणि त्याला मान मिळतो तो टोळीच्या रिवाजामुळेच. बायकांचा वारसाहक्क निघाला की मात्र हाच रिवाज कुराणातल्या वाट्याकडे सोयीस्कर काणाडोळा करत आलाय.