बीआरएफएसएसमध्ये नवे प्रश्न: फोनवरच्या चाचणीलाही ओएमबीची मंजुरी लागते का?

(मंचावरची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

प्रश्नावली

अमेरिकेतल्या एका राज्याच्या आरोग्य विभागाला बीआरएफएसएसच्या (प्रौढांच्या आरोग्याबद्दलच्या राज्यवार सर्वेक्षणाच्या) दूरध्वनी मुलाखतीत सहा नवे प्रश्न घालायचे आहेत. विषय आहे घरच्या घरी रक्तदाब मोजणं. सर्वेक्षणाचा पैसा बव्हंशी सीडीसी या संघीय आरोग्य संस्थेच्या सहकार्य-करारातून येतो. आधी काही लोकांना बोलावून प्रश्न समजतात का ते पाहायचं, मग दीडशे जणांना फोन करून छोटी फील्ड टेस्ट घ्यायची, असा बेत आहे.

अडलंय ते असं. पेपरवर्क रिडक्शन अॅक्टखाली (सरकारी माहितीसंकलनाचा लोकांवरचा भार आवरणारा कायदा) ओएमबीची, म्हणजे व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाची, मंजुरी मुख्य सर्वेक्षणाला लागते हे माहीत आहे, पण चाचणीलाही लागते का? 'नऊ जणांपर्यंत काही लागत नाही' हे ऐकलंय, ते फोनवर कसं लावायचं? आणि आयआरबीने (संशोधनाच्या नीतिसमितीने) हिरवा कंदील दिला असेल तर तेवढ्यावर भागतं का?

कागदपत्री

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. आयआरबी आणि ओएमबी यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आयआरबी पाहते की माणसाला इजा होणार नाही ना, संमती नीट घेतली जाते ना. ओएमबीमधलं ओआयआरए हे कार्यालय पाहतं की सरकार लोकांचा वेळ कशासाठी घेतंय, हीच माहिती दुसरीकडे आधीपासून नाही ना, आणि या पद्धतीने मिळणारा आकडा कामाचा असेल का. एकाची मंजुरी दुसऱ्याला चालत नाही.

आता चाचणी. कायदा १९८० चा, १९९५ मध्ये नव्याने लिहिलेला. नियम संघीय नियमसंहितेत, ५ सीएफआर १३२० मध्ये, आहेत. बारा महिन्यांच्या कोणत्याही काळात दहा किंवा जास्त 'व्यक्तीं'ना सारखेच प्रश्न विचारले की ते माहितीसंकलन झालं. मग त्याचं नाव सर्वेक्षण असो, प्रीटेस्ट असो की पायलट. चाचणीला सूट नाही.

नऊची गोम अशी की नियमात मोजायच्या आहेत त्या प्रश्न ज्यांच्यापुढे ठेवले त्या व्यक्ती. ज्यांनी उत्तरं दिली तेवढ्याच मोजायच्या नाहीत. नऊ पूर्ण मुलाखती मिळवायला चाळीस जणांना 'तुम्हाला उच्च रक्तदाब आहे का, घरी यंत्र आहे का' असं चाळणीसाठी विचारलंत, तर आकडा चाळीस झाला. फोनवर नऊचा नियम जवळजवळ निरुपयोगी ठरतो तो यामुळेच. काम कंत्राटदाराकडे दिलं तरी मोजणी एकच राहते. तीन कंत्राटदार, प्रत्येकाचे नऊ, अशी वाटणी करू नका. मंजुरीचं पॅकेज (अर्ज आणि सोबतची कागदपत्रं) वाचणाऱ्याला ती लगेच दिसते.

आणखी एक: राज्य आणि स्थानिक सरकारं या कायद्यात 'व्यक्ती'च धरली जातात. प्रश्न कसे वाटले म्हणून बारा राज्यांच्या समन्वयकांना एकसारखा फॉर्म पाठवला तर तेही संकलनच झालं. फक्त संघराज्याचे कर्मचारी, कामाच्या नात्याने विचारलं असेल तर, मोजणीत येत नाहीत.

तुमच्या बाबतीत मूळ मुद्दा वेगळाच आहे: हे प्रश्न कोणाचे? अनुदानातून होणारं संकलन संघीय संस्थेचं ठरतं ते दोनच स्थितींत. संस्थेने ते करा म्हणून खास सांगितलं असेल, किंवा त्या संकलनाला अथवा त्याच्या पद्धतीला संस्थेची मंजुरी घ्यावी अशी अनुदानाची अटच असेल. फक्त पैसा तिकडून आला एवढ्याने ते संघीय होत नाही. बीआरएफएसएसचा कोअर (सगळ्या राज्यांत विचारायचे प्रश्न) आणि ऐच्छिक मॉड्यूल्स (राज्यांनी निवडायचे प्रश्नसंच) सीडीसीच्या मंजुरीखाली येतात, क्रमांक ०९२०-१०६१. राज्याने स्वतःहून जोडलेल्या प्रश्नांचं संपादन किंवा मूल्यमापन सीडीसी करत नाही. तेव्हा सहा प्रश्न खरोखर राज्याचे असतील तर तुमचा रस्ता सोपा आहे. पण सीडीसीच्या एखाद्या विभागाने 'हे सहा तुमच्याकडे करून पाहा, पुढे मॉड्यूल करू' असं सुचवलं असेल, तर ती खास विनंतीच झाली. त्या ईमेल काढून वाचा आणि कराराच्या अटी शेजारी ठेवा.

प्रश्नावली

दुसरी शक्यता खरी आहे. पुढे ऐच्छिक मॉड्यूल व्हावं म्हणूनच हे चाललंय. मग वेळ किती धरायचा?

कागदपत्री

पूर्ण मंजुरीसाठी: फेडरल रजिस्टरमध्ये (संघ सरकारच्या राजपत्रात) ६० दिवसांची सूचना, आलेल्या अभिप्रायांना उत्तरं, मग ओएमबीकडे पॅकेज आणि त्याच वेळी ३० दिवसांची दुसरी सूचना. पॅकेज पोचल्यापासून निर्णयाला ओएमबीकडे ६० दिवस असतात. संस्थेतली वाचनं धरली तर सहा ते नऊ महिने सहज जातात. मंजुरी जास्तीत जास्त तीन वर्षांची.

चाचणीसाठी एवढं थांबायचं कारण नाही. त्याकरता जेनेरिक क्लिअरन्स असतो: एकदा मोठी छत्री मंजूर करून घ्यायची, मग प्रत्येक छोटी चाचणी तिच्याखाली पाठवायची. रजिस्टरमध्ये पुन्हा सूचना नाही, आणि उत्तर महिन्यांऐवजी दिवसांत येतं. सीडीसीच्याच एनसीएचएस या आरोग्य सांख्यिकी केंद्रातल्या प्रश्नरचना केंद्राची अशी छत्री आहे, ०९२०-०२२२. छत्रीची अट मात्र पाळा: ऐच्छिक, कमी वेळाचं, वादग्रस्त नसलेलं काम, आणि त्यातून लोकसंख्येबद्दलचा आकडा काढायचा नाही. 'चाचणीत २२ टक्के लोक घरी रक्तदाब मोजतात असं दिसलं' हे वाक्य अहवालात आलं की छत्री मोडली.

आणीबाणीची मंजुरीही असते, १८० दिवसांपर्यंतची. 'आम्हाला उशीर झाला' ही आणीबाणी नव्हे.

मंजिरी_क

कागदपत्रींनी कागद सांगितला. प्रश्नांकडेही तेवढंच बघायला हवं, कारण ओएमबीच्या सांख्यिकी मानकांत पूर्वचाचणी आहेच आणि पॅकेजमधल्या सपोर्टिंग स्टेटमेंटच्या (समर्थनाच्या निवेदनाच्या) ब भागातला चौथा मुद्दा नेमका तिच्याबद्दल विचारतो. तिथे 'प्रश्न तपासले जातील' एवढंच लिहिलं तर पॅकेज प्रश्न घेऊन परत येतं. किती फेऱ्या, प्रत्येकीत किती माणसं, ती कशी निवडणार, मुलाखतकार खोदून काय विचारणार, हे सगळं हवं. दोन फेऱ्यांच्या मध्ये शब्द बदलणार असाल तर तेही आधीच लिहून ठेवा, म्हणजे प्रत्येक बदलासाठी पुन्हा दार ठोठवावं लागत नाही.

तुमचा एक प्रश्न असा असेल असं धरते: 'तुम्ही घरी नियमितपणे रक्तदाब मोजता का?' कॉग्निटिव्ह मुलाखतीत (प्रश्न कसा समजला हे खोदून विचारणाऱ्या) माणूस 'हो' म्हणाला की काम सुरू होतं. 'हे उत्तर देताना मनात काय आलं?' 'शेवटचा कधी मोजलात?' 'कोणी मोजला?' मग उलगडतं की एकाच्या लेखी नियमित म्हणजे रोज सकाळी, दुसऱ्याच्या लेखी डोकं दुखलं की दर वेळी. कोणाचा मुलगा मोजतो, मग 'तुम्ही मोजता' याला काय म्हणायचं? कोणी औषधाच्या दुकानातलं यंत्र धरतं, कोणी मनगटावरच्या घड्याळातल्या नाडीच्या ठोक्यांनाच रक्तदाब समजतं. एका 'हो'खाली चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि चारशे काय, चार लाख मुलाखती घेतल्या तरी आकड्यांतून त्या दिसत नाहीत.

बीआरएफएसएसचा रक्तदाबाचाच प्रश्न बघा. 'उच्च रक्तदाब आहे का' असं तो विचारत नाही. डॉक्टर, नर्स किंवा इतर आरोग्य व्यावसायिकाने तसं कधी सांगितलंय का, असं विचारतो. उत्तरांत 'फक्त गरोदरपणात' आणि 'सीमारेषेवर' हे वेगळे पर्याय आहेत. ते काढले तर तीच माणसं हो आणि नाही यांत मनाला येईल तशी विखुरतील.

फोनची अडचण ही की माणूस प्रश्न वाचत नाही, ऐकतो. पाचवा पर्याय येईपर्यंत पहिला विसरलेला असतो आणि शेवटचाच तोंडात येतो. व्याख्या प्रश्नाच्या शेपटीला लावली तर लोक ती ऐकायच्या आतच उत्तर देतात. म्हणून अट आधी, प्रश्न शेवटी. आणि चाचणीची मुलाखत समोरासमोर घेतली तरी कागद हातात देऊ नका, मोठ्याने वाचून दाखवा. कागदावर नीट चाललेला प्रश्न फोनवर कोसळतो. स्पॅनिश मजकूर वेगळा तपासा. भाषांतर बरोबर असणं आणि प्रश्न तसाच कळणं या दोन गोष्टी आहेत.

संख्यारेषा

मंजिरीताईंच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो. पॅकेजमध्ये अ भागाच्या बाराव्या मुद्द्यात वेळेच्या भाराचा तक्ता लागतो, आणि त्यात नकार मिळालेली चाळणी विसरली जाते. तुमच्या बेतासाठी असा धरा:

कॉग्निटिव्हसाठी चाळणी: ६० जण × ५ मिनिटं = ५ तास
कॉग्निटिव्ह मुलाखती: २० जण × ६० मिनिटं = २० तास
फील्ड टेस्टची चाळणी: ६०० जण × २ मिनिटं = २० तास
फील्ड टेस्ट: १५० जण × ८ मिनिटं = २० तास
एकूण ६५ तास

८ मिनिटं कुठून आली हे विचारलं जातं. सहकाऱ्यांत घड्याळ लावून मोठ्याने वाचून घ्या. ज्येष्ठांसाठी सावकाश वाचलेली वेळही धरा.

दीडशे मुलाखतींतून काय मिळेल आणि काय नाही हेही आधीच ठरवा. १० टक्क्यांच्या आसपासच्या उत्तराला साध्या नमुन्यातही जवळपास ५ टक्क्यांची कमी-जास्त चूक राहते. म्हणजे दोन शब्दरचनांतला बारीक फरक यात दिसणार नाही. दिसेल ते हे: प्रत्येक प्रश्नाला लागलेले सेकंद, कुठे फोन ठेवला गेला, 'माहीत नाही' आणि नकार कुठे साचले. ध्वनिमुद्रण करत असाल तर मुलाखतकाराने शब्द बदलून वाचलं का, समोरच्याने पुन्हा विचारायला लावलं का, हे नोंदवा. १५ टक्क्यांहून जास्त वेळा असं झालं तर प्रश्न दुरुस्तीला घ्या.

कोडिंगही याच टप्प्यावर तपासा. दारूच्या प्रश्नात बीआरएफएसएस आठवड्यावर किंवा महिन्यावर उत्तर घेतं: १०३ म्हणजे आठवड्यात ३ दिवस, २१२ म्हणजे महिन्यात १२ दिवस, ८८८ म्हणजे एकही नाही, ७७७ माहीत नाही, ९९९ नकार. 'किती वेळा मोजता' हा प्रश्न तुम्ही याच साच्यात टाकलात तर मुलाखतकार पहिला आकडा विसरतो आणि विश्लेषणात ८८८ सरासरीत घुसतो. सीएटीआयमध्ये (संगणकाच्या मदतीने फोन मुलाखत घेण्याच्या प्रणालीत) आधी एकक, मग संख्या, असे दोन पडदे करा.

एक फेडरल मर्यादा: १९९१ च्या टीसीपीएमुळे (दूरध्वनी ग्राहकांच्या संरक्षणाचा कायदा) संमतीशिवाय मोबाइलवर ऑटोडायलर, म्हणजे आपोआप नंबर लावणारं यंत्र, चालत नाही. नंबर माणसाने लावायचा. वेळेचं आणि पैशाचं गणित त्या हिशेबाने करा.

प्रश्नावली

तक्ता तसाच घेतो. शेवटची शंका: फोनवर ओएमबी क्रमांक आणि मुदत वाचून दाखवायची का? सुरुवातीलाच वाचला तर लोक फोन ठेवतील.

कागदपत्री

बीआरएफएसएसच्या प्रश्नावलीच्या डोक्यावर क्रमांक, मुदत आणि सरासरी २७ मिनिटांचा भार छापलेला असतो. सोबत मुलाखतकाराला सूचना असते की विचारल्याशिवाय यातलं काही वाचायचं नाही. वेळ विचारली तर त्या उत्तरदात्याला लागू पडणाऱ्या आवृत्तीची वेळ सांगायची. ती नक्की माहीत नसेल तर छापलेली सरासरी. तुमच्या चाचणीत हीच पद्धत ठेवा, आणि मुलाखतकाराच्या पडद्यावर क्रमांक एका बटणावर येईल असं करा. चाचणी लांबली आणि मुदतीची तारीख उलटली तर त्या दिवशी फोन थांबवायचे, दीडशेतल्या एकशे चाळीस झाल्या असल्या तरी.