तीन हजारांत कंट्रोलर घेऊ की चांगला माउस-कीबोर्ड? टेबल अर्धंच आहे

पंचवटीचा_पोऱ्या

नमस्कार मंडळी. एका ऑफिसातून निघालेला जुना आय-फाइव्ह पीसी घेतला, मामानं त्यात सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड टाकून दिलं. गेम चालतात. वांधा आहे तो खेळायचं कशानं याचा. पीसीसोबत आलेला कळकट कीबोर्ड आहे आणि एक माउस, ज्याचं चाक मनाला येईल तेव्हा फिरतं. खिशात तीन हजार आहेत. त्यात एकतर कंट्रोलर बसेल, नाहीतर चांगला मेकॅनिकल (प्रत्येक बटणाला वेगळा स्विच असलेला) कीबोर्ड आणि माउस.

मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा शूटर, म्हणजे गोळीबाराचा गेम खेळतो. एकटा असलो की गाड्यांचा फोर्झा होरायझन ५ आणि फुटबॉलचा एफसी. आधी फोनवर बीजीएमआय खेळायचो, तेही जायरो लावून, म्हणजे फोनच हलवून निशाणा धरत, त्यामुळे माउसवर हात अजून बसलेला नाही.

घरची परिस्थिती: अर्ध्या टेबलावर आईचं शिलाई मशीन असतं आणि ते हलणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पप्पांची शिफ्ट बदलती असते, त्यामुळे रात्री जास्त खटखट झाली की आतून हाक येते. मित्र म्हणतात कंट्रोलर म्हणजे बारक्या पोरांचं काम. खरंय का?

एक्स्ट्रा_तर्री

व्हॅलोरंट खेळतोस ना? मग मिटलं. पीसीवर व्हॅलोरंट कंट्रोलर घेतच नाही. २०२४ मध्ये ते पीएस-५ आणि एक्सबॉक्स या कन्सोलवर आलं, तिथं पॅडवर, म्हणजे कंट्रोलरवरच खेळतात, पण त्यांच्या मॅच त्यांच्यातच. पीसीवाल्यांसमोर त्यांना उभं करत नाहीत, यातच काय ते समज. मेकॅनिकल कीबोर्ड घे, बरा माउस घे. विषय संपला.

सेटर_अंबड

संपला कसा? पोरगा तीन गेम सांगतोय आणि तू एकावर निकाल देऊन मोकळा.

मी अंबड एमआयडीसीत सीएनसी सेटर आहे, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी धातू कापायची मशीन जुळवून देतो. हा फरक मला गेममध्ये नाही, मशीनवर कळला, म्हणून तिथूनच सांगतो. मशीनवर ॲक्सिस हातानं हलवायचे दोन मार्ग असतात. एक जॉगचं बटण. दाबून धरलंय तोवर टूल सरकत राहतं, किती वेगानं ते फीडच्या नॉबवर. दुसरं हँडव्हील. एक टिक फिरवली की टूल ठरलेलं अंतरच जातं: एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), दहा किंवा शंभर, जे लावलं असेल ते. हात थांबला की टूल थांबलं. लांबून टूल जॉबपाशी, म्हणजे कापायच्या तुकड्यापाशी आणायला जॉग बरा, पण शेवटचा टच कुणीही शहाणा माणूस हँडव्हीलनंच घेतो. जॉगनं घेतला तर इन्सर्ट (टूलचं पातं) तरी जातो नाहीतर नोकरी.

कंट्रोलरची उजवी स्टिक म्हणजे जॉग. ती किती वाकवली यावरून नजर किती वेगानं फिरणार ते ठरतं. किती फिरणार, ते नाही. निशाण्यावर आल्यावर अंगठा नेमका त्याच क्षणी सोडायचा, हे तुझं कौशल्य. माउस म्हणजे हँडव्हील. हात इतका सरकला की नजर इतके अंश वळली, हिशोब पक्का. म्हणून शूटरमध्ये माउस वरचढ, यात बारकी पोरं आणि मोठी पोरं असला काही प्रकार नाही. पॅडवरच्या बहुतेक शूटर गेमना एम असिस्ट, म्हणजे निशाणा धरायला मदत द्यावी लागते तीही याच कारणानं. क्रॉसहेअर (निशाण्याचं चिन्ह) शत्रूजवळ आला की स्टिकचा वेग आपोआप उतरतो, काही गेममध्ये क्रॉसहेअर शत्रूकडे जरासा ओढूनही घेतात. २००१ मध्ये एक्सबॉक्सवर हेलो हा शूटर आला आणि पॅडवर शूटर मजेत खेळता येतो हे लोकांना पटलं, त्यामागे अशा मदतीचा मोठा हात आहे. व्हॅलोरंटच्या कन्सोल आवृत्तीत तर फोकस नावाचा वेगळा मोडच दिलाय, तो धरला की सेन्सिटिव्हिटी, म्हणजे नजर वळण्याची तत्परता, खाली येते.

आता दुसरी बाजू, जी माउसवाले सोयीस्कर विसरतात. माउसच्या जोडीला कीबोर्ड येतो, आणि त्या जोडीत कच्चा गडी तोच आहे. बटण दाबलेलं असतं किंवा नसतं, मधलं काही नाही. फोर्झात डब्ल्यू दाबलं की थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) शंभर टक्के. पावसात ओल्या वळणावर मागच्या चाकांवर ताकद असलेली गाडी अशी पळवून बघ, लट्टू होईल. कंट्रोलरचा ट्रिगर पाव, अर्धा, पाऊण असा हवा तितका दाबता येतो. एफसीत तेच: कीबोर्डवर पळायच्या दिशा आठ, स्टिकवर तुला हवी ती. बचावपटूच्या बाजूनं तिरकं निसटायचं असतं तेव्हा या आठ दिशांचा राग येतो.

म्हणून माझं म्हणणं, ही लढत कंट्रोलर विरुद्ध माउस-कीबोर्ड अशी लावूच नकोस. कीबोर्डवर एक रुपया घालू नको. ऑफिसचा कळकट आहे तोच मेम्ब्रेन कीबोर्ड ठेव, तो मेकॅनिकलपेक्षा आवाजही कमी करतो, पप्पा झोपतील. हजाराच्या आत साधा वायरचा माउस घे आणि उरलेल्यात वायरचाच पॅड बसव. जीटीए ५ सारख्या गेममध्ये तर दोन्ही एकदम लावून ठेवता येतं, पायी असताना माउस आणि गाडीत बसलं की पॅड. मेनूत जाऊन काही बदलावं लागत नाही.

राहिलं टेबल. व्हॅलोरंटमध्ये ८०० डीपीआय (माउस एक इंच सरकला की किती पावलं मोजतो तो आकडा) आणि ०.४ सेन्सिटिव्हिटी लावली तर पूर्ण फेरीला माउस साधारण ४१ सेंटीमीटर सरकवावा लागतो, म्हणजे मागे वळायला २० च्या आसपास. अर्ध्या टेबलावर तेवढी जागा आहे का ते फूटपट्टीनं बघ. नसेल तर ०.६ लाव, मागे वळणं १४ सेंटीमीटरच्या आत येईल. बारीक निशाणा थोडा अवघड जाईल, पण मशीनवर हात आपटण्यापेक्षा बरं. आणि कीबोर्ड तिरका ठेव, नंबरपॅडची बाजू मॉनिटरकडे ढकलून. सरळ ठेवला की नंबरपॅड फुकट जागा खातो.

राणेनगर_रात्रपाळी

सेटरदादांचं बहुतेक पटलं, पण प्रत्येक ॲक्शन गेम पॅडवरच चांगला असं कुणी पुढं म्हणायच्या आत सांगते: मी एल्डन रिंग अख्खा माउस-कीबोर्डवर खेळले. डीफॉल्ट बटणं भयाण आहेत, ती बदलली की चालतं. कॅमेरा फिरवताना अंगठा बटणांवरून उचलावा लागत नाही, हे सुख पॅडवर नाही.

पोऱ्या, पॅड घेताना दोन गोष्टी बघ. पहिली, स्टिक कसली आहे. साध्या स्टिकच्या आत पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे कार्बनच्या पट्टीवर घासत फिरणारा काटा. पट्टी झिजली की हात न लावता खेळाडू आपला आपण चालायला लागतो. हाच तो स्टिक ड्रिफ्ट. गेममध्ये डेडझोन, म्हणजे स्टिकच्या मध्याजवळची न मोजली जाणारी जागा, वाढवून तो लपवता येतो, पण मग बारीक हालचालीही त्यातच गिळल्या जातात, आणि ज्यासाठी पॅड घेतला तेच जातं. हॉल इफेक्टची स्टिक घे. त्यात चुंबकावर काम चालतं, घासणारं काही नसतं. तुझ्या बजेटात मिळतात. खोक्यावर स्टिकसाठी हॉल इफेक्ट लिहिलंय की फक्त ट्रिगरसाठी, हे नीट वाच. दुकानदार एकाच्या जागी दुसरं सांगून मोकळे होतात.

दुसरी, पॅड एक्सइनपुट, म्हणजे पॅड आणि विंडोज यांच्यातली बोली, बोलतो का. एक्सबॉक्स ३६० च्या काळापासून विंडोजचे बहुतेक गेम तेच समजतात. नुसता डायरेक्टइनपुट या जुन्या बोलीवाला स्वस्त पॅड आणलास तर आधी जुळवाजुळव करण्यात रविवार जाईल.

आणि जायरोची सवय आहे तर एक सांगून ठेवते. पीएसच्या पॅडमध्ये जायरो असतो, एक्सबॉक्सच्या पॅडमध्ये नसतो. स्टीम या गेम विकणाऱ्या ॲपच्या सेटिंगमधून तो माउससारखा वापरता येतो: मोठं वळण स्टिकनं, निशाणा मनगटानं. फोनवर करायचास अगदी तेच. ओरिजिनल आज बजेटबाहेर आहे, पण पुढं कधी घेशील तेव्हा लक्षात असू दे.

एक्स्ट्रा_तर्री

कीबोर्डला कच्चा गडी म्हणालात, निषेध नोंदवतो. थ्रेश नावाच्या खेळाडूनं १९९७ मध्ये क्वेक या शूटरची स्पर्धा माउस-कीबोर्डवर जिंकून तो गेम बनवणाऱ्यांपैकी जॉन कार्मॅकची फेरारी नेली होती. डब्ल्यू-ए-एस-डीवर बोटं ठेवायची पद्धत रुजवण्यात त्याचंच नाव घेतात.

सेटर_अंबड

जिंकली ना भाऊ, पण ती घरी नेताना डब्ल्यू दाबत नाही नेली.

पंचवटीचा_पोऱ्या

दादा, ताई, खूप आभार. मोजलं. मशीन आणि भिंत यांच्यात कीबोर्ड तिरका ठेवून माउसला ३० सेंटीमीटर उरतात. म्हणजे ०.४ पण जमेल ना? आणि जुन्या कीबोर्डवर कधी कधी तीन बटणं एकदम दाबली की तिसरं लागतच नाही. तो बिघडलाय का?

सेटर_अंबड

३० मध्ये ०.४ जमेल, फक्त माउस मधोमध आणून ठेवायची सवय लाव. कीबोर्ड बिघडलेला नाही. स्वस्त कीबोर्डात बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर असतात, काही ठरावीक तीन एकदम दाबली की चौथं कुठलं दाबलंय की नाही हे त्याला ओळखता येत नाही, म्हणून तो तिसरं सोडूनच देतो. कुठली तिकडी अडते ते नोटपॅड उघडून शोध आणि त्यातलं एक काम माउसच्या बाजूच्या बटणावर टाक. म्हणजे माउस घेताना बाजूला दोन बटणं असलेलाच बघ.

पॅड दुकानातच तपासून घे. त्यांच्या पीसीला लावायला सांग, विंडोज आणि आर दाबून जॉय डॉट सीपीएल लिही, प्रॉपर्टीज उघड. स्टिक गोल फिरवून सोडून दे, अधिकचं चिन्ह दरवेळी मध्यावर येऊन गप्प बसलं पाहिजे. थरथरत असेल तर दुसरा पीस माग. दोन्ही ट्रिगर तिथं एकाच पट्टीवर दिसतात आणि एकदम दाबले की पट्टी मध्यावर येते. तो पॅडचा दोष नाही, त्या खिडकीची जुनी सवय आहे. बिल घ्यायला विसरू नको.

एक्स्ट्रा_तर्री

सगळं ठीक, पण व्हॅलोरंटमध्ये रँक काय तुझा?

पंचवटीचा_पोऱ्या

आयर्न. सगळ्यात खालचा.

एक्स्ट्रा_तर्री

मग पॅडच घे.