प्रतिसाद: चित्राच्या घाटावरून संगीत

चित्रापासून संगीत कसं करायचं, या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की चित्राची फाइल थेट आवाजात बदलली की गोंगाटच येतो. खरंय, पण दोष चित्राचा नसतो, आपण अक्ष कसे लावतो त्याचा असतो. आडवा अक्ष काळ, उभा अक्ष स्वराची उंची, उजळपणा म्हणजे आवाजाची तीव्रता, ही नेहमीची मांडणी. तिच्यात आडवी रेघ स्थिर सूर होते, तिरकी रेघ मींड होते आणि उभी रेघ सगळ्या कंप्रता एकदम वाजवून नुसता 'टक्' करते. म्हणून उभ्या रेघांनी भरलेलं चित्र तसंच टाकू नका.

उभ्या अक्षाचं मापही बघा. ते रेषीय असेल (म्हणजे समान अंतराला समान हर्ट्झ) आणि समान अंतरावरच्या आडव्या रेघा 100, 200, 300 हर्ट्झवर पडल्या, तर त्या मिळून एकच भरीव सूर ऐकू येतो. माप लॉगरिदमिक केलं (म्हणजे समान अंतराला कंप्रता समान पटीने वाढते) की त्याच रेघा समान अंतरांचे वेगवेगळे सूर होतात. चित्र तेच, संगीत पार वेगळं!

चित्र वाजवण्याची कल्पना जुनीच आहे. सोव्हिएत अभियंते येवगेनी मुर्झिन यांच्या एएनएस सिंथेसायझरमध्ये, म्हणजे रेखाटन वाजवणाऱ्या यंत्रात, 720 शुद्ध सूर होते, एका सप्तकात 72. काळा लेप दिलेल्या काचेवर ओरखडे काढायचे आणि तेच वाजवायचे. संगीतकार झेनाकिस यांच्या यूपिक या चित्र काढून संगीत करायच्या संगणक-यंत्रणेवर तर स्वराची लाटही हातानेच रेखाटता यायची.

मला स्वतःला मात्र पिक्सेलपेक्षा रचना उचलणं जास्त भावतं. चित्रकार मोन्द्रिआनच्या उभ्या-आडव्या रेघांच्या जाळीतल्या रुंदींची गुणोत्तरं काढा आणि ती संगीताच्या विभागांच्या लांबीला द्या. मोठा रिकामा पांढरा चौकोन? तिथे खरोखर शांतता ठेवा, घाबरू नका.