वाड्याचा ग्रुप : दादाच्या नव्या दाढेले ठेचा कधी?

वहिनी (बँकॉक): सगळ्यांना नमस्कार. ह्यांच्या खालच्या दाढेचं इम्प्लांट, म्हणजे नव्या दाढेसाठी हाडात घालतात तो स्क्रू, बसवून अजून आठवडाही झाला नाही, टाके तसेच आहेत. काल ऑफिसच्या लोकांसोबत जाऊन सोम तम खाऊन आले. इथं कच्च्या पपईची कोशिंबीर मिरची कुटून करतात ती. रात्रभर जळजळ. माझं ऐकत नाहीत. सावंगीच्या ताई, तुम्ही दातांच्या डॉक्टर, तुम्हीच सांगा यांना.

लहान काका: अरे बापा! दाढ तं इथंच काढली होती न. तिकडं जाऊन खिळा कायले ठोकला?

दादा: काका, दवाखाना ऑफिसजवळच आहे, सुटी काढा लागत नाही. आन् मी दोन-चार घासच खाल्ले. सगळंच अळणी लागून राह्यलं, तोंडाले चवच नाही. म्हणून मिरची जास्त टाकायला सांगितली.

मोठी आई: मी भिवापुरी तिखट आन् जवसाची चटणी धाडली होती, ते नको खाऊ आता. त्या जागेत हळद भर बापा. तुह्या बाबांची दाढ काढली तवा हळदच भरली होती.

ताई (सावंगी): मोठी आई, हळद भरायला नको सांगू. हिरडी कापून, आत स्क्रू बसवून वरून टाके घातले आहेत. तिथं कोरडी पूड गेली की टाक्यांत अडकून बसते, मग ती काढायला कोणीतरी बोट घालते. लवंगतेलही नको. हळदीचं दूध कोमट करून प्यायला सांग, त्याला माझी ना नाही.

दादा, आधी हे सांग. गुळणीला औषध दिलं ते कोणतं?

दादा: क्लोरहेक्सिडिन लिहिलं आहे बाटलीवर. दिवसातून दोनदा.

ताई (सावंगी): तरीच! अळणी लागते ते त्याच्यामुळे. या औषधानं काही दिवस जिभेला मिठाची चव नीट कळत नाही. जेवणात काही कमी नसते, जीभच कमी सांगते. आणि आपण लोक अळणी लागलं की तिखटाकडे हात नेतो. तू आणखी चार मिरच्या टाकल्या तरी ती चव भरून निघणार नाही, जखम तेवढी पेटेल. जेवणाआधी गुळणी करत असशील तर ते बंद कर. जेवण झाल्यावर कर आणि त्यानंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नको. औषध बंद झालं की चव परत येते.

दादा: हे कोणीच सांगितलं नव्हतं. मले वाटलं नस-बिस गेली का काय.

ताई (सावंगी): खालचा ओठ किंवा हनुवटी अजून बधिर आहे का?

दादा: नाही. इंजेक्शन त्याच रात्री उतरलं.

ताई (सावंगी): मग बरं आहे. दुसऱ्या दिवशीही बधिर असती तर त्याच वेळी डॉक्टरला फोन करावा लागला असता.

लहान काका: तिखटानं तो खिळा गंजते काय?

ताई (सावंगी): नाही काका. टायटॅनियम आहे ते, तिखटानं त्याला काही होत नाही. स्वीडनच्या ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरांना दिसलं की टायटॅनियमला हाड घट्ट धरून ठेवते. त्यांनी १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. पण हाडाला ते धरायला वेळ लागतो. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्यात त्याहून जास्त.

लहान काका: म्हणजे रोप लावल्यावर मुळी धरेपर्यंत हलवाचं नाही, तसं.

ताई (सावंगी): अगदी तसंच. आणि दादा, तुला घाबरवायचं म्हणून सांगत नाही, मिरचीनं इम्प्लांट निघून येत नाही. भानगड हिरडीची आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्या नसा जाग्या करते, म्हणून भाजलं नसतानाही भाजल्यासारखं वाटते. हे कसं होते ते शोधणाऱ्या डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. उघड्या जखमेवर ती आग कितीतरी जास्त. तिथं रक्त धावते, ठणका वाढतो आणि माणूस नकळत जीभ लावतो, चूळ भरतो. त्यात मिरचीचं बी टाक्यांत अडकलं की निघता निघत नाही. सोम तममध्ये शेंगदाणेही असतात, ते वेगळंच. वरून लिंबू.

आत्ता जळजळ असेल तर थंड दूध नाहीतर दही घे. पाण्यानं जात नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दुधातलं प्रोटीन त्याला धरून नेते. चूळ जोरात भरू नको. कोमट मिठाचं पाणी तोंडात घेऊन मान हलव आणि तसंच ओघळू दे.

मामा (समुद्रपूर): वेदनेच्या गोळ्या चालू असन त्याले. उपाशीपोटी तिखट आन् वरून ती गोळी, पोटात आगच लागन.

ताई (सावंगी): बरोबर मामा. गोळी काही खाऊनच घे दादा. आणि अँटिबायोटिक दिलं असेल तर दुखणं थांबलं म्हणून मधेच सोडू नको.

वहिनी (बँकॉक): ताई, खायला काय देऊ? घरी वरणभात करते, पण दुपारी हे बाहेरच खातात.

मोठी आई: मऊ भात, मुगाचं वरण, त्याच्यावर तूप. ज्वारीची आंबील कर. वरणाले मोहरीची फोडणी नको देऊ, मोहरी फटीत बसते.

ताई (सावंगी): मोहरीचं मोठ्या आईनं एकदम बरोबर सांगितलं. तीळ, खसखस, जवसाची चटणी, सगळं त्याच रांगेतलं. आंबील ताजी असू दे, जास्त आंबलेली झोंबते. गरम काही नको, कोमट चालते. दही, केळं, मऊ उकडलेलं अंडं, शेवयांची खीर, कढी पण बिनमिरचीची. स्ट्रॉनं काही ओढू नको.

वहिनी (बँकॉक): इथं सकाळी गाड्यांवर जोक मिळतो, तांदळाची एकदम पातळ पेज. मऊ असते, पण त्यात डुकराच्या खिम्याचे गोळे टाकतात. आधीच सांगून फक्त अंडं घालून घ्यावा लागतो. सोयाबीनचं कोमट दूधही मिळते. आणि ‘मे पेत’ म्हणजे तिखट नको, एवढं यांना येते. बोलत नाहीत फक्त.

दादा: बोलीन. पण इथल्या लोकांचं ‘मे पेत’ही आपल्या तर्रीएवढं असते कधी कधी.

ताई (सावंगी): मग ‘मे साई प्रिक’ म्हण, मिरची टाकूच नका असं. माझ्याकडे एक पेशंट तिकडून आला होता, त्यानं शिकवलं. मामा, आणि संत्रं कोणी सुचवायच्या आत सांगते, टाके आहेत तोवर तेही झोंबेल.

दादा: मग तिखट कधी? सरळ सांग.

ताई (सावंगी): टाके सात ते चौदा दिवसांत निघतात. ते निघाले आणि तुझ्या डॉक्टरनं हिरडी पाहून हो म्हटलं की कढीत, वरणात थोडं थोडं तिखट सुरू कर. पूड आधी, ठेचा सगळ्यात शेवटी, तोही दुसऱ्या बाजूनं. कडक भाकरीचा पापुद्रा, फुटाणे, ऊस, हुरडा हे त्या दाढेवर तीन महिने नाही. तिखटाची बंदी पंधरवड्याची आहे रे, चावण्याची लांब आहे. लोक उलटं करतात. तिखटाला भितात आणि सुपारी फोडत राहतात.

आणि आता जे बोलते ते तिखटापेक्षा मोठं आहे. खर्रा, ती तंबाखू-सुपारी, खातोस का अजून?

दादा: इथं मिळत नाही.

वहिनी (बँकॉक): सुटीहून येताना पुड्या आणल्या होत्या.

ताई (सावंगी): त्या आजच फेक दादा. हात जोडून सांगते. तंबाखूनं हिरडीला रक्त कमी मिळते, जखम भरत नाही, इम्प्लांट फसण्याचा धोका वाढतो. सुपारीनं तोंड उघडणंच कमी होत जाते. आमच्या ओपीडीत तिशीतली पोरं येतात, दोन बोटंही तोंडात जात नाहीत. त्यांना इम्प्लांट करून द्यायचं म्हटलं तरी हत्यार आत कसं न्यावं? काका, तुम्हीपण वाचताय ना?

लहान काका: वाचून राह्यलो वं.

ताई (सावंगी): वाचा. मंगळवारी बसनं या, तपासून घेऊ. पैसे लागत नाहीत त्याला.

दादा, सूज दोन-तीन दिवसांनी उतरणीला लागते. तुझी आता वाढत असेल, पू आला, ताप आला, किंवा कमी झालेला ठणका परत वाढला तर मला फोटो पाठवत बसू नको, तिथल्या दवाखान्यात जा. काल मिरची खाल्ली हेही त्यांना सांग.

दादा: सूज कमीच आहे. उद्या दाखवतोच. स्क्रूवरची दाढेची कॅप दिवाळीत घरी आल्यावर तिकडंच बसवली तं चालन काय?

ताई (सावंगी): चालेल, पण त्यांच्याकडून इम्प्लांटचं कार्ड माग. कंपनी, माप, लॉट नंबर त्यावर असते. प्रत्येक कंपनीचा स्क्रू वेगळा. कार्ड नसलं की आम्ही इकडं एक्स-रे पाहून अंदाज करत बसतो. सोबत त्यांचा एक्स-रेही घे.

दादा: उद्या घेतो आन् ग्रुपवर टाकतो.

मोठी आई: मी गव्हाच्या शेवया धाडू काय मंग पार्सलनं?

वहिनी (बँकॉक): धाडा आई. तिळाचे लाडू मात्र या खेपेला नको.