बाळाच्या नावापुढचं नाव : तुमच्या घरी कसं जुळवलंत?

निळीशाई :
काल कपाट आवरताना बाबांची जुनी डायरी सापडली, धाकट्या भावाच्या जन्माच्या वेळची. एका पानावर पेन्सिलीने सात-आठ नावं आणि प्रत्येकापुढे बाबांचं नाव, आडनाव पूर्ण लिहिलेलं. नीलेश महेश, योगेश महेश, गणेश महेश... सगळी खोडलेली. बाजूला बारीक अक्षरात ‘श-श होतंय’. एकदम आठवलं, बाबा पलंगावर बसून एकेक नाव हजेरी घेतल्यासारखं मोठ्याने म्हणायचे आणि मी ‘हजर!’ ओरडायचे. ‘अमित महेश’ आलं तेव्हा आई आतून म्हणाली, हे कानाला बरं वाटतंय. तेच राहिलं.

आता त्याच अमितला मुलगा झालाय. या वेळी मध्ये एक नाही, दोन नावं बसवायचीत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांचं नाव आपल्याकडे महाराष्ट्रात सरकारी कागदांवर बाळ, आई, वडील, आडनाव असं येतं ना. मला हा बदल मनापासून आवडलाय. पण वहिनीचं नाव वर्षा, आणि भावाच्या मनात अथर्व. म्हणून बघा मोठ्याने : अथर्व वर्षा अमित. व ला व चिकटतो. तुम्ही काय केलंत? लिहा ना.

पाऊलवाट :
चिकटतो म्हणजे चिकटतोच! आमचा विहान, मी नयना. नोंदणीच्या खिडकीवर तोंडी सांगितलं, कागदावर ‘विहा नयना’. दुरुस्तीला तीन फेऱ्या, त्याही ओल्या बाळंतिणीच्या. शेवटचं अक्षर आणि पुढचं पहिलं अक्षर एकच नको, एवढं बघा.

सुईदोरा :
बाळ मांडीवर आहे, एका हाताने टाइप करतेय. हा दुसरा, गोष्ट पहिल्याची, २०१९ ची. मला मल्हार हवं होतं. नवरा रवींद्र. सगळं ठरलं, आणि सासूबाई म्हणाल्या, आद्याक्षरं काय होतात बघ. म. र.! माझ्या नातवाच्या वहीवर म. र. लिहायचं का? दोन दिवस रडले मी. नऊ महिने पोटावर हात ठेवून मल्हार म्हणत होते हो. शेवटी केदार ठेवलं.

टिकलीवाली :
सुईदोरा, के. र. म्हणजे केर की गं 😀

सुईदोरा :
अगं बाई!! सहा वर्षांत कुणाच्या लक्षात नाही आलं. सासूबाईंना सांगू नका कुणी.

पाऊलवाट :
तुझं नाव मध्ये असतं तर वाचला असता मल्हार.

सुईदोरा :
हो ना. माझं स्मिता. म. स्मि. र. किती छान. धाकट्याच्या वेळी बघितलं मी ते, त्याचं नाव माझ्या नावासकट म्हणूनच ठरवलं. उठला, येते.

एकतारी :
आमच्याकडे मधल्या जागी फक्त माझं नाव आहे. अर्णव शारदा. कारण लिहीत नाही. पहिलीत वर्गातल्या मुलाने विचारलं, तुझ्या बाबांचं नाव शारदा? हा म्हणाला, आईचं आहे, तुझ्या आईचं कुठाय? घरी येऊन सांगितलं आणि खेळायला गेला. मी मात्र बराच वेळ ओट्यापाशी उभी होते.

निळीशाई :
एकतारी ❤️

दगडीजिना :
एकतारी, नाशिकच्या पांडवलेण्यांत ३ क्रमांकाच्या लेण्यात जा लेकाला घेऊन. सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा कोरीव लेख आहे तिथे. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. अठराशेहून जास्त वर्षं झाली, राजांची ओळख आईच्या नावानेच आहे. मी मुलांना नेतो तेव्हा पायऱ्या चढून दमलेली असतात, पण हे ऐकून थांबतात. सकाळी लवकर जा, ऊन फार लागतं.

एकतारी :
नक्की जाऊ. पायऱ्या किती आहेत? आईला गुडघ्याचा त्रास आहे.

दगडीजिना :
बऱ्याच आहेत, दोनशेच्या वर. आजींना अवघड जाईल.

खिडकीतून :
निळीशाई, भावाला सांग घाई नको. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा, नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं. पण एकदा घातलं की स्पेलिंग पक्कं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट सगळीकडे जन्माचा दाखलाच लागतो. आधी आईबाबांचं आधार आणि पॅन शेजारी ठेवा. माझ्या भाचीचं नाव दोन्हीकडे वेगळं निघालं, आधी तिचंच दुरुस्त करावं लागलं. आणि पासपोर्टला दोनच रकाने असतात, आडनाव सोडून बाकी सगळं एकात. चार नावं तिथे लांबलचक दिसतात, तयारी ठेवा.

टिकलीवाली :
डायरीच्या पानाचा फोटो टाक ना. पेन्सिल अजून दिसते?

निळीशाई :
पुसट झालीय, पण वाचता येते. टाकते उद्या.

आत्ता भावाशी बोलणं झालं. त्याला हे सगळं वाचून दाखवलं, मग फोनवरच हजेरी घेतली. अद्वैत वर्षा अमित, ईशान वर्षा अमित, अथर्व वर्षा अमित. वहिनी पलीकडून म्हणाली, अथर्वच ठेवायचं. दोन व असू देत, एक त्याचा, एक माझा.

पाऊलवाट :
मस्त! पण खिडकीवर कागदावर लिहून द्या हं, तोंडी सांगू नका.